सायकलस्वाराचे ताट आणि खानावळीचे गणित

सायकलवरून पाच-सहा दिवसांच्या सफरीला निघणाऱ्यांचे जथे कोकणच्या किनाऱ्याला आता नवे राहिलेले नाहीत. दिवाळीच्या सुटीत अथवा नाताळाच्या आठवड्यात रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी मार्गाने जाणारे शिक्षक, बँक-कर्मचारी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी ठिकठिकाणी दिसतात. सफरीची आखणी करताना टायर, ट्यूब, पंप, मुक्कामाची गावे यांचा बारकाईने विचार होतो. जेवणाचा निकाल मात्र ‘मिळेल तिथे खाऊ’ एवढ्या एका वाक्यात लावला जातो. वास्तविक हा प्रश्न आधी सोडवण्याचा आहे. दिवसाकाठी ७०-८० किलोमीटर सायकल चालवणाऱ्याला नेहमीच्या आहाराखेरीज साधारण दीड ते दोन हजार उष्मांक अधिक लागतात. पोट बिघडले तर सफर तेथेच संपते. शिवाय मोटारीतल्या प्रवाशाला एखादे उपाहारगृह आवडले नाही तर तो पंधरा-वीस मिनिटांत पुढच्या गावी पोचतो. सायकलस्वाराच्या दृष्टीने पुढचे गाव म्हणजे एक खाडी, तिच्यावरील फेरीबोटीची प्रतीक्षा आणि पलीकडच्या तीरावरची छातीवर येणारी चढण.

म्हणजे जो ग्राहक सर्वाधिक भुकेला, तोच निवडीच्या बाबतीत सर्वांत दुबळा. त्यात तो अनोळखी असतो आणि पुन्हा येण्याची शक्यता नसते. अशा व्यवहारात काय घडते याचे विवेचन जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन केले. मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. मग चांगल्या मालालाही वाईटाच्या संशयाने कमी भाव मिळतो आणि चांगला माल हळूहळू बाजारातून निघून जातो. या विचाराबद्दल २००१ साली अकेरलॉफ यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. महामार्गाच्या कडेची कित्येक उपाहारगृहे हे या सिद्धान्ताचे चालते-बोलते प्रात्यक्षिक होय. तेथे येणारा प्रत्येक जण एकदाच येतो. त्याने नाक मुरडले तरी बिघडत नाही, कारण त्याच्या मागे दुसरी गाडी थांबलेली असतेच.

या दुष्टचक्रातून सुटण्याचा मार्ग परदेशी ग्रंथांत शोधण्याची गरज नाही. तो खानावळ या आपल्या जुन्या संस्थेत आहे. खानावळ ही मुळात वाटसरूंसाठी नव्हतीच. ती महिन्याच्या बोलीने जेवणाऱ्यांसाठी होती. गिरणगावात कोकणातून आलेला कामगार बिऱ्हाड गावी ठेवून राहत असे आणि दोन वेळचे जेवण एखाद्या बाईच्या घरी घेत असे. या खानावळवाल्या स्त्रियांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पुढे १९८२च्या संपाने गिरण्या थंडावल्या, तशा त्यांच्या आधाराने पेटणाऱ्या अनेक चुलीही थंडावल्या. खानावळीचा प्राण रोजच्या जेवणाऱ्यात असतो. आमटी पातळ झाली तर तो त्याच दिवशी बोलतो, चार दिवस तसेच चालले तर महिनाअखेरीस दुसरीकडे जातो. अन्नतपासनीसाला जे वर्षातून एकदा पाहता येत नाही, ते हा माणूस दिवसातून दोनदा पाहतो.

म्हणून कोकणात सफर करणाऱ्याने शोधायचे ते उत्तम उपाहारगृह नव्हे. तेथे रोज जेवणारा माणूस शोधायचा. असा माणूस प्रत्येक मोठ्या गावात असतो. घाटावरून बदली होऊन आलेले प्राथमिक शाळेतील गुरुजी, बँकेच्या शाखेतील एकटा राहणारा रोखपाल, वस्तीच्या गाडीचे चालक-वाहक, तलाठी कार्यालयातील लिपिक! या मंडळींना स्थानिक नातेसंबंधांचे ओझे नसते आणि पगार बेताचा असल्याने पैशाचे मोलही ठाऊक असते. परंतु त्यांना प्रश्न कसा विचारावा, यालाही महत्त्व आहे. ‘येथे चांगले हॉटेल कोणते?’ असे विचारले की समोरचा माणूस पाहुण्याच्या प्रतिष्ठेला शोभेल असे, वातानुकूलित आणि महागडे ठिकाण सुचवतो, क्वचित मेव्हण्याचे. ‘तुम्ही कुठे जेवता?’ असे विचारावे. माणसाची आवड त्याच्या बोलण्यावरून नव्हे, तर त्याने प्रत्यक्ष केलेल्या निवडीवरून ओळखावी, हा पॉल सॅम्युएल्सन यांनी १९३८ साली मांडलेला विचार शाळेच्या फाटकापाशी उभे राहूनही उपयोगात आणता येतो.

‘मालमोटारी जेथे थांबतात तेथे जेवावे’ हा सांगीवांगीचा नियम मात्र किनाऱ्यावर फारसा चालत नाही. महामार्गावर त्यात तथ्य आहे, कारण मालमोटारीचा चालक त्याच वाटेने पुन:पुन्हा जातो. तथापि तो ठिकाण निवडतो ते गाडी लावायला जागा, अंघोळीला पाणी आणि टेकायला बाज पाहून. सागरी मार्गावर या गाड्या मुळात कमी.

भ्रमणध्वनीवरील नकाशात उपाहारगृहांना दिलेल्या ताऱ्यांचे काय, असे कोणी विचारील. प्रवाशाने प्रवाशाला दिलेली माहिती म्हणून तिची किंमत आहेच. उपाहारगृहांना तारे देण्याची प्रथा नावारूपाला आणली ती मिशलॅं या फ्रेंच टायर-कंपनीने, आणि त्या कंपनीचा लौकिक सुरू झाला तो १८९१ मधील सायकलच्या सहज काढता-घालता येणाऱ्या हवेच्या टायरमुळे, हा योगायोग सायकलस्वारांना सुखावणारा आहे. पण १९०० साली निघालेली तिची मार्गदर्शिका मोटारवाल्यांसाठी होती. पुढे तिच्यासाठी पगारी निरीक्षक आपली ओळख न देता जेवू लागले. आजचे तारे देतो तो शनिवार-रविवारी एकदाच आलेला पर्यटक. समुद्राचे दर्शन, झोपाळा आणि सुरमईच्या तुकडीचा आकार या सर्वांचे गुण तो एकाच बेरजेत घालतो. मंगळवारी दुपारी तेथे ताजे काय शिजते, हे त्या बेरजेवरून कळत नाही. ज्या घरात पाटीदेखील नाही, तिथवर तर हे तारे पोचतच नाहीत.

खुद्द ठिकाणी गेल्यावर पाहण्याच्या खुणा थोड्या आहेत. फळ्यावर चार पदार्थ असावेत, चाळीस नव्हेत. पंजाबी, चिनी आणि मालवणी तिन्ही प्रकार एकाच लहान स्वयंपाकघरातून येत असतील तर बरेचसे शीतकपाटातून येते, असे समजावे. हर्णैसारख्या बंदराजवळ मासळी खावी, कारण लिलाव तेथेच होतो. बंदरापासून दूर डोंगरमाथ्यावर पिठले, कुळथाची पिठी आणि भाकरी बरी. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ‘ताजी सुरमई’ या शब्दांकडे संशयानेच पाहिले पाहिजे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी अनेक घरांत मासळी शिजत नाही. त्या दिवशी तिचा हट्ट धरणाऱ्याला शिळे मिळाले तर दोष कोणाचा?

वेळेचा प्रश्न याहून अवघड आहे. घरगुती खानावळीत भात साडेबारा-एकला उतरतो आणि अडीचनंतर भांडी घासायला जातात. दाभोळहून धोपाव्याला किंवा तवसाळहून जयगडला फेरीबोटीने उतरलेला सायकलस्वार बरोबर तीन वाजता येऊन उभा राहतो. मग त्याच्या वाट्याला बिस्किटे, वेफर आणि बाटलीबंद गोड पाणी येते, आणि कोकणात खायला मिळत नाही, असा ग्रह घेऊन तो परततो. दोष चुलीचा नसतो. नाशवंत मालाच्या धंद्यात अंदाजावर चार ताटे अधिक रांधणे म्हणजे दिवसाचा नफा कुत्र्यामांजरांपुढे टाकणे, हे त्या बाईला पक्के ठाऊक असते.

चिंतेची बाब वेगळीच आहे. बदलीवरची माणसे आता तालुक्याच्या गावी राहून दुचाकीने ये-जा करतात, सोबत डबा आणतात. महिन्याच्या बोलीने जेवणारे कमी होत चालले आहेत. दुसरीकडे शनिवार-रविवारच्या मोटारींना पुरवठा करण्यात पैसा अधिक मिळतो. रोजचे जेवणारे गेले की दर्जावरचा पहारा उठतो, आणि किनाऱ्यावरची खानावळही हळूहळू महामार्गावरच्या उपाहारगृहाच्या जातीला जाते. त्याचा फटका केवळ हौशी प्रवाशांना बसत नाही. गावात राहिलेला एकटा शिक्षक, परगावचा विद्यार्थी, विधुर पेन्शनर यांचे ताटही पर्यटकाच्या भावाने मोजले जाऊ लागते.

आठवड्याच्या मधल्या वारी येणारा, दोनदा भात मागून घेणारा आणि मुळात गर्दी टाळू पाहणारा सायकलस्वार या खानावळींना उपकारक ठरू शकतो. परंतु त्यासाठी त्याने दोन पथ्ये पाळली पाहिजेत. आदल्या रात्री किंवा बाजाराच्या वेळेपूर्वी ताटांची संख्या कळवावी. आणि बेत बदलला तर तेही तितक्याच तत्परतेने कळवावे. सहा ताटे सांगून परस्पर पुढच्या गावी निघून जाणाऱ्या टोळ्यांच्या कहाण्या किनाऱ्यावर बऱ्याच ऐकू येतात. आजकाल पैसे भ्रमणध्वनीवरून क्षणात पाठवता येतात. निम्मी रक्कम आगाऊ देण्यास काही हरकत नसावी.

सरकारने या चुलींना श्रेणी देऊ नये. श्रेणीबरोबर अर्ज, तपासणी आणि फरशी बसवण्याचा खर्च येतो, आणि तो सोसणारा मनुष्य बहुधा खानावळवाला नसतो. स्वच्छतेसाठी २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आहे, ती नीट राबवली तरी पुरे. ग्रामपंचायतींना मात्र एक साधी गोष्ट करता येईल. आगरदांडा, बागमांडला, धोपावे, तवसाळ अशा प्रत्येक धक्क्यावर एक फलक लावावा: गावात कोण जेवण करून देते, दूरध्वनी क्रमांक कोणता, किती तास आधी सांगावे लागते, चूल कोणत्या वारी बंद असते. फेरीबोटीची वाट पाहताना प्रवाशाला वाचायला वेळ असतोच.