कपाट द्यावे की पंखा?

गेल्या गळीत हंगामात, माघातल्या एका रात्री, बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका रस्त्यावर आमचा एक विद्यार्थी गेला. वय सतरा, इयत्ता बारावी, वाणिज्य शाखा. रस्त्याच्या कडेला, खरे म्हणजे रस्त्यावरच, उसाने भरलेली एक ट्रॉली टायर फुटल्यामुळे उभी होती. मागे दिवा नव्हता, परावर्तक पट्टी नव्हती. ट्रॉली मागे सरू नये म्हणून चाकांना चार धोंडे मात्र लावलेले होते. मुलाची मोटारसायकल तिच्यावर मागून आदळली. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात चार ओळी आल्या. त्याचे नाव मी येथे देत नाही. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या ओळखीत त्याच्या जागी दुसरे एखादे नाव असणारच.

तो काही वर्गातला पहिला विद्यार्थी नव्हता. स्नेहसंमेलनात हलगी वाजविणारा, सहलीला सर्वांच्या पिशव्या टपावर चढविणारा, तुकोबांची पालखी आली की बेलवाडीच्या रिंगणात दिवसभर वारकऱ्यांना पाणी देऊन संध्याकाळी घसा बसवून घेणारा असा तो मुलगा होता. प्रत्येक वर्गात असा एक असतो, आणि तो गैरहजर असला की हजेरी न घेताही शिक्षकाला कळते. मागणी आणि पुरवठ्याच्या वक्ररेषा मी फळ्यावर काढीत असताना त्याने एकदा मागच्या बाकावरून विचारले होते, "सर, उसाचा दर तर दिल्लीत ठरतो, मग आपल्याला या रेघांचा काय उपयोग?" वर्ग हसला. वस्तुतः प्रश्न उत्तम होता. २००९ पासून केंद्र सरकार उसाचा 'रास्त व किफायतशीर दर' जाहीर करीत आले आहे आणि त्याखाली शेतकऱ्याला दर देता येत नाही. अशा बाजारात किंमत कशी ठरते, हे सांगायला एक तास सहज लागला असता. घंटा झाली होती. "पुढच्या तासाला सांगतो," असे मी म्हणालो आणि पुढच्या तासाला दुसराच धडा सुरू केला. अध्यापनात अशी देणी पुष्कळ राहतात. त्यांतली बहुतेक फिटण्याची आशा तरी असते.

महिन्याभराने त्याचे वडील महाविद्यालयात आले. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास राज्य शासन सानुग्रह अनुदान देते. पूर्वी ही रक्कम पंचाहत्तर हजार होती, २०२२ साली ती दीड लाख झाली. त्या प्रस्तावासाठी दाखला हवा होता. आमच्या कार्यालयातील लिपिकाने त्या दिवशी जे केले त्याची नोंद कोणत्याही गोपनीय अहवालात होणार नाही, म्हणून ती येथे करतो. त्याने त्या गृहस्थांना खिडकीपाशी उभे न ठेवता आत आपल्या खुर्चीवर बसविले, सगळा अर्ज स्वतः भरला, आणि 'विद्यार्थ्याचे नाव' या रकान्यामागे लावावा लागणारा 'कै.' त्यांच्या देखत लिहिला नाही. तो त्याने ते गेल्यावर लिहिला.

निघताना ते माझ्याकडे आले. कालव्याखालची दोन एकर जमीन, पायात धुळीने भरलेल्या वहाणा, हातात कागदांची पिशवी. म्हणाले, "सर, पोराच्या नावानं कालेजात कायतरी द्यावं म्हंतोय. कपाट द्यावं का पंखा?"

मी अर्थशास्त्र शिकवितो. दोन पर्यायांतून निवड हाच आमच्या शास्त्राचा विषय होय. पण या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मी त्याचाच विचार करतो आहे.

आमच्या भागातल्या कोणत्याही शाळेत जा. भिंतीवरच्या घड्याळावर, पंख्याच्या पात्यावर, पाण्याच्या टाकीवर, लोखंडी कपाटाच्या दारावर 'यांच्या स्मरणार्थ' ही अक्षरे दिसतील. नावापुढे वय क्वचितच लिहिलेले असते. पण देणगीदार वडील आहेत की मुलगा यावरून ते कळते. वडिलांनी मुलाच्या नावे दिलेली कपाटे वाटतात त्याहून अधिक आहेत. त्यांतली सगळीच रस्त्यांवरच्या अपघातांची नसतात. कालव्यात पोहायला उतरलेला, शेततळ्याच्या निसरड्या कागदावरून पाय घसरलेला, रात्रीच्या पाळीला मोटार चालू करायला जाऊन विजेचा धक्का बसलेला, उसात पाणी धरताना सर्प चावलेला — अशी ती यादी आहे, आणि पाणी, वीज, ऊस या आपल्या समृद्धीच्या ज्या तीन गोष्टी त्यांच्याच काठाकाठाने ती गेलेली आहे.

कपाटांची आम्ही प्राध्यापक मंडळी थट्टा करतो. पारितोषिक ठेवणे अधिक विचारी मानले जाते. परंतु त्याचाही हिशेब मांडून पाहावा. समजा, १९८० च्या सुमारास एखाद्या पित्याने हजार रुपये ठेव म्हणून दिले. दसादशे दहा टक्क्यांनी वर्षाला शंभर रुपये मिळत आणि गुणी मुलाची निम्मी पुस्तके त्यात येत. मुदलाला हात लावायचा नाही हा नियम. तो निष्ठेने पाळला गेला. आज त्याच हजारावर साठ-सत्तर रुपये व्याज येते. बक्षीस-समारंभात ते नाव पुकारले जाते, मुलगी व्यासपीठावर येऊन पाकीट घेते, आणि त्या पाकिटात एक जाड वहीसुद्धा येत नाही. ठेव शाबूत आहे. स्मृती महागाईने खाल्ली. हा दोष कोणाचा नव्हे. दुःखात असलेल्या माणसाला चलनवाढीचा दर विचारात घ्यायला सांगणार कोण?

कायद्याने तरी तरुण जिवाचे मोल नीट केले आहे काय? मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात १९९४ च्या दुरुस्तीने न कमावत्या व्यक्तीचे काल्पनिक वार्षिक उत्पन्न १५,००० रुपये धरले गेले, आणि रुपयाची किंमत घसरत असताना हा आकडा वर्षानुवर्षे तसाच राहिला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दहा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात तो ३०,००० धरला. आकडे अर्थातच लागतात, नुकसानभरपाई हवीच. पण वडील ज्या प्रश्नाने व्याकूळ आहेत तो भरपाईचा नाही. मुलाची जागा जगात कोठे तरी राहावी, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

हा प्रश्न महाराष्ट्रात एका थोर पित्यालाही पडला होता. जून १९१८ मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींचे धाकटे पुत्र राजकुमार शिवाजी रानडुकराच्या शिकारीत अपघात होऊन गेले. वय अवघे एकोणीस. आदल्याच वर्षी त्यांचा विवाह आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सासवडच्या जगतापांच्या कन्येशी झाला होता. इंदुमतीदेवी तेव्हा दहा वर्षांच्या होत्या, म्हणजे अकराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. महाराजांनी काय केले? १९२० साली कोल्हापुरात गरीब मुलांसाठी मोफत वसतिगृह उभे राहिले, त्याला प्रिन्स शिवाजींचे नाव मिळाले. ती संस्था आजही आहे, कोल्हापूरचे न्यू कॉलेज तिचेच. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वसतिगृहांचे काम महाराजांनी १९०१ पासूनच चालविले होते. पुत्रशोकातून ते जन्मले नाही. शोकाने फक्त एवढेच केले की चालू असलेल्या कामाला एका मुलाचे नाव दिले. मला यात शोकाची उणीव दिसत नाही. उलट त्यातले शहाणपण दिसते.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. त्या काळच्या राजघराण्यात बालविधवा सुनेच्या वाट्याला जे यायचे ते ठरलेले होते. महाराजांनी घरातला विरोध पत्करून तिला शिकविण्याची व्यवस्था केली. १९२२ च्या मे महिन्यात महाराज स्वतः गेले. पण शिक्षण थांबले नाही, १९२५ साली इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या आणि पुढे कोल्हापुरातल्या स्त्रीशिक्षणाच्या कार्यात त्यांनी आयुष्य घातले. गेलेल्याच्या नावाने इमारती सर्वच बांधतात. गेलेल्याच्या मागे जे जिवंत राहिले त्यांच्याकडे पाहणारे थोडे. आमच्या विद्यार्थ्याला दहावीत शिकणारी एक बहीण आहे. 'आता तिला लांब कशाला पाठवायची' ही भाषा घरात सुरू झाली आहे, असे मी ऐकतो.

तिकडे अमेरिकेत लेलँड स्टॅनफर्ड हा पंधरा वर्षांचा मुलगा १८८४ साली विषमज्वराने गेला आणि रेल्वेच्या धंद्यात गडगंज झालेल्या त्याच्या आईवडिलांनी त्याच्या नावाने विद्यापीठ काढले. ते आज जगप्रसिद्ध आहे. पण राजे आणि रेल्वेचे धनी यांची उदाहरणे दोन एकरवाल्या शेतकऱ्याला द्यायची तर त्यातले घेण्यासारखे काय, हे सांगायला हवे. वडिलांना मी सांगू पाहिले ते असे.

ट्रॉलीला परावर्तक असलाच पाहिजे, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. तरी तो नसतो. याचे कारण केवळ बेपर्वाई नव्हे. ऊसवाहतुकीचा मोबदला टनावर आणि अंतरावर मिळतो. त्यामुळे एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि त्यांत मावेल त्याहून अधिक ऊस भरण्याकडे कल असतो. बांधलेली मोळी मागे झुकते आणि दिवा असलाच तर तो झाकून टाकते. गव्हाणीपाशी रांगेत तासन्‌तास काढून आलेला चालक पुन्हा रात्री फेरीला निघतो. तो बहुधा मराठवाड्यातला, घेतलेली उचल फेडण्यासाठी हंगाम काढणारा, कधी आमच्या विद्यार्थ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा. शे-पाचशे रुपयांची पट्टी कोणी लावायची — ट्रॅक्टरमालकाने, कारखान्याने, की ऊस ज्याचा त्याने? ज्या खर्चाचा लाभ दुसऱ्याला होतो तो खर्च कोणीच करीत नाही, हे आमच्या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. मुलांना ते पाठ असते.

दुसरी बाजूही झाकून ठेवता येत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला गिअरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना मिळत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालक व वाहनमालकच दोषी धरले जातात. दंड पंचवीस हजार आणि तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे कायद्याच्या काटेकोर अर्थाने कपाट द्यायला आलेला पिता हा आरोपी होय. पण कॉलेजच्या आवारात रोज लागणाऱ्या मोटारसायकलींच्या रांगा आम्ही शिक्षक पाहतच असतो. सायंकाळची एस.टी. चुकली की पोराने घरी जावे कसे, हे आम्ही विचारीत नाही. आणि परवाना आहे का, हेही विचारीत नाही.

तर मी वडिलांना म्हणालो, की कपाट-पंखा राहू द्या. त्या पैशांत शे-दीडशे ट्रॉल्यांना पट्ट्या लागतील. मुलांना घेऊन आम्ही लावू. बोलताना मला माझे म्हणणे फार पटत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. त्यांचा स्वतःचा ऊसही तशाच ट्रॉलीतून जातो, हे त्यांनीच सांगितले. मग म्हणाले, "ते समदं बराबर हाय, सर. पण त्यात त्याचं नाव कुठं यील?"

सार्वजनिक हिताची भाषा बोलणारे आपण लोक येथे नेहमी चुकतो. नाव लिहिण्याची इच्छा म्हणजे हौस, असे आपण समजतो. चौकात लागलेला 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फलक महिनाभरात उन्हाने पांढरा पडतो. त्याचे कापड चिवट, म्हणून ते पुढे ऊसतोडणी कामगारांच्या कोपीवर जाते. असाच एक फलक मी फाल्गुनात एका कोपीच्या छपरावर उलटा घातलेला पाहिला. उन्हातून कोणाच्या तरी चिमुकल्याला त्याने सावली दिली, हे चांगलेच झाले. पण ज्याने तो चेहरा तेथे ओळखला असेल त्याला कपाटाच्या पत्र्यावर रंगाने लिहिलेल्या नावाची किंमत विचारावी. छत्रपतींनीसुद्धा वसतिगृहाला नाव दिलेच होते.

म्हणून मी पंधरा दिवसांनी त्यांच्या गावी गेलो आणि कपाट द्या असे सांगितले. बहिणीविषयीही बोललो. अकरावीला ती आमच्याकडे येणार की नाही ते अजून ठरलेले नाही. आईचे मन वळलेले आहे, आजीचे नाही. तिच्या गावावरून सायंकाळी साडेपाचला सुटणारी एस.टी. पुढे सरकवून मिळावी म्हणून आगाराला आम्ही अर्ज दिला आहे, त्यावर सत्तर मुलामुलींच्या सह्या आहेत.

कपाट ज्येष्ठात टेम्पोतून आले. राखाडी रंग, दारावर निळ्या अक्षरांत नाव, खाली गाव. ग्रंथालयात जागा नव्हती म्हणून ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या खोलीत ठेवले आहे. त्याच्या वरच्या खणात सध्या लाल परावर्तक पट्टीची अठरा भेंडोळी आहेत, ती मुलांनी वर्गणी काढून आणली. दिवाळीनंतर धुराडी पेटतील. किल्ली त्या लिपिकाकडे आहे.