प्रपंच आणि विज्ञान : न झिजणारा ब्रेक

होंडा, टोयोटा आणि मारुती यांनीं 2022 सालीं मध्यम आकाराच्या हायब्रिड मोटारी बाजारांत आणल्यापासून पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणारें हें वाहन आपल्या पुष्कळ कुटुंबांच्या दारीं उभें राहिलें आहे. त्याविषयीं एक समजूत मात्र वारंवार ऐकूं येते : "या गाडीचे ब्रेक झिजतच नाहींत, मग त्यांकडे पाहावयाचें कशाला?" या वाक्याचा पूर्वार्ध बव्हंशीं खरा आहे; उत्तरार्ध घातक आहे.

साध्या मोटारींत ब्रेक दाबला म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी दोन पॅडांमध्यें आवळली जाते आणि गाडीची गति उष्णता होऊन वायां जाते. हायब्रिड गाडींत वेग कमी करतांना विजेची मोटार जनित्राचें काम करते आणि तीच गति वीज होऊन बॅटरींत सांठते. साहजिकच पॅड पुष्कळ वर्षें टिकतात.

ही युक्ति आपल्या प्रांतास नवी नाहीं. मुंबई-पुणें लोहमार्ग 1929 सालीं विजेवर आला, तेव्हां बोरघाटांत चालणारीं, 'खेकडा' या टोपणनांवाचीं एंजिनें उतारावर याच तत्त्वानें वीज तारेंत परत देत असत. परंतु 37 फुटांस 1 फूट अशा त्या चढणीवर रेल्वेनें घर्षणाचे ब्रेक कधीं काढून टाकले नाहींत. उलट घाट उतरण्यापूर्वीं गाडी थांबवून ब्रेक तपासण्याची शिस्त तेथें पाळली जाते. ती शिस्त गृहस्थानेंही उचलावी.

कारण जनित्र सदैव साहाय्यास येतेंच असें नाहीं. अगदीं मंद वेगांत, एकाएकीं जोरानें थांबतांना आणि बॅटरी भरली असतां सारा भार पॅडांवरच येतो. आम्हां कन्हेरीकरांस मोरगांव, जेजुरी, सासवड या मार्गानें पुण्यास जावयाचें तर दिवे घाट उतरावा लागतो. लांब उतारावर बॅटरी भरून जाऊं शकते. साखरेच्या हंगामांत पुढें चाललेली उसाची ट्रॉली अकस्मात् थांबली, तरीही पॅडांचाच आधार. म्हणजे जो ब्रेक एरव्हीं बसून असतो, त्याच्यावरच ऐन संकटांत आपला भरंवसा असतो.

बसून राहिल्यानें त्याचें काय होतें? तबकडीवर गंज चढतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या चिखलानें व गंजानें आखडतात. मग पॅड वांकडे झिजतात, आणि बाहेरचा जाड दिसत असतां आंतला संपून गेलेला असतो. तिसरी गोष्ट ब्रेक-ऑइलची. तें वापर असो वा नसो, हळूहळू ओलावा शोषून घेतें. ओलावा वाढला कीं त्याचा उत्कलनबिंदु खालीं येतो. घाटांत ब्रेक तापून त्याची वाफ झाली, तर पाय पेडलसकट थेट खालीं जातो आणि गाडी थांबत नाहीं.

यास्तव पुढील गोष्टी कराव्या. वर्षांतून एकदां, शक्यतों पावसाळा संपल्यावर, चाकें उतरवून दोन्ही बाजूंचे पॅड मोजून घ्यावे. पिना साफ करून त्यांस योग्य ग्रीज लावावें. ब्रेक-ऑइल गाडीच्या पुस्तिकेंतील मुदतीस, साधारणतः दोन वर्षांनीं, बदलावें. किलोमीटर थोडे झाले म्हणून पुढें ढकलूं नये. गाडी धुतल्यावर ती ओल्या तबकड्यांनिशीं उभी करूं नये. थोडी चालवून, ब्रेक दाबून, तबकड्या कोरड्या कराव्या. आठवड्यांतून एकदां, मागें वाहन नाहीं असें पाहून, मोकळ्या रस्त्यावर जरा जोरानें ब्रेक लावावा. कांहीं गाड्यांत लांब उतारासाठीं 'बी' ही खूण असते, तिचा उपयोग करावा. न्यूट्रलमध्यें घालून घाट कदापि उतरूं नये, कारण मग जनित्राचें साहाय्यच तुटतें. हें काम कोणत्याही मिस्त्रीच्या हातीं देऊं नये. कांहीं हायब्रिड गाड्यांत दार उघडतांच ब्रेकचा पंप आपोआप चालूं लागतो, आणि तें ठाऊक नसलेल्या कारागिराच्या हातास इजा होऊं शकते.

हा सारा खर्च पेट्रोलच्या बचतीपुढें अल्प आहे. सर्व्हिसिंगचें बिल हातीं येईल तेव्हां त्यांत 'ब्रेक तपासले' एवढीच नोंद पाहून समाधान मानूं नये. पॅड किती मिलिमीटर उरले, हें विचारून लिहून ठेवावें. पुढील वर्षीं त्याच आंकड्यांशीं ताडून पाहतां येईल.