इसार देण्याआधी



सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र घरगुती आहे. पण त्यातला प्रश्न आज पुष्कळ घरांच्या ओटीवर बोलला जातो आहे, म्हणून त्याचे उत्तर सर्वांसाठी येथे देत आहोत.

या ताईंचा मुलगा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. विजेवर चालणारी लहान मोटार स्वस्तात येणार आहे, पाच हजार रुपये भरून आत्ताच नंबर लावून ठेवू, असे त्याचे म्हणणे. घरधनी म्हणतात, न पाहिलेल्या बैलाला इसार कोणी देतो का? सुनेला पाचवा महिना लागला आहे आणि दिवस भरतात ते ऐन आषाढात. पावसात, रात्री-अपरात्री दारात गाडी असावी असे ताईंनाही वाटते. पण भाताचे पैसे वर्षातून एकदाच येतात. तेव्हा कोणाचे ऐकावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मुलाची गरज खरी आहे आणि घरधन्यांची शंकाही खरी आहे. पौषी पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा माणूस आधी दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो, विकणाऱ्याचे गाव विचारतो, आणि मग इसार देतो. येणाऱ्या मोटारीच्या नोंदणीत हा क्रम उलटा असतो. इसार आधी, बैल मागाहून. अशी नोंदणी करूच नये असे नाही. पण क्रम उलटा आहे हे ध्यानात ठेवूनच कनवटीला हात घालावा.

नंबर लावण्याची जुनी सवय

नंबर लावणे आपल्याला नवे नाही. १९७० च्या दशकात बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. १९८३ साली मारुतीच्या लहान मोटारीची नोंदणी निघाली, तेव्हा दहा हजार रुपये भरून लाखाहून अधिक लोकांनी नंबर लावले. त्या काळी किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे. माल थोडा आणि मागणी फार, त्यामुळे हातातल्या नंबरालाच किंमत होती.

पुढे २००९ साली टाटांच्या नॅनोची नोंदणी झाली. नुसता अर्ज ३०० रुपयांचा, आणि सर्वांत साध्या गाडीसाठी भरायचे ९५,००० रुपये. एप्रिलच्या थोड्या दिवसांत २ लाख ६ हजारांवर नोंदण्या झाल्या आणि त्यांतून पहिले एक लाख लोक सोडत काढून निवडले. एवढी झुंबड उडाली. पण पुढच्याच वर्षी तीच गाडी रांगेशिवाय मिळू लागली आणि २०१८ च्या सुमारास तिचे उत्पादनही थांबले. नंबर लागलेल्यांना ठरलेल्या किमतीत गाडी मिळाली हा त्यांचा लाभ. ज्यांनी थांबून पाहिले त्यांचेही फारसे काही बिघडले नाही.

यातून घ्यायचे ते एवढेच. परवान्याचा काळ आता गेला. गाडी चांगली निघाली तर कारखाना ती बनवीत राहील आणि विकणारा आपला पत्ता शोधत येईल. म्हणून ‘आज नाही तर कधीच नाही’ ही घाई मनातून काढावी.

पुण्याची लहान गाडी

ताईंनी गाडीचे नाव कळवलेले नाही. पण वर्णनावरून ती पुण्याच्या वायवे मोबिलिटी या कंपनीची ‘ईव्हा’ असावी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या मोटार प्रदर्शनात कंपनीने तिच्या किमती जाहीर केल्या. छपरावर सूर्याच्या उन्हावर वीज करणारी तबकडी, ताशी ७० किलोमीटरचा सर्वाधिक वेग, आणि ९, १२.६ व १८ युनिटांच्या तीन बॅटऱ्या. एकदा भरल्यावर त्या १२५, १७५ आणि २५० किलोमीटर चालतात असे कंपनी सांगते. किंमत ३ लाख २५ हजारांपासून आणि नोंदणी ५,००० रुपये. गाड्या २०२६ सालात देऊ, असे त्या वेळचे म्हणणे होते.

आता बारकाईने पाहा. ३ लाख २५ हजार ही बॅटरीशिवायची किंमत आहे. बॅटरी भाड्याने, किलोमीटरला दोन रुपये. बैल विकत आणि जू भाड्याने, असा हा व्यवहार. बॅटरीसकट घ्यायची तर सर्वांत लहान गाडी ३ लाख ९९ हजारांची. वर विमा वेगळा.

दुसरी गोष्ट बसण्याची. ही गाडी दोन मोठी माणसे आणि एक मूल यांच्यासाठी बांधलेली आहे. ताई, सुनेला दवाखान्यात न्यायचे तर मुलगा चालवणार, सून बसणार आणि तिला धरायला तुम्ही हव्यात. ही तीन मोठी माणसे झाली. ज्या कामासाठी गाडी मागवायची, त्याच कामाच्या वेळी कोणीतरी दारात उभे राहणार.

तिसरी गोष्ट पल्ल्याची. १२५ किलोमीटर हा आकडा चाचणीतला. चढ, खड्डे, दिवे आणि पंखा धरून त्याचा पाऊण भागच हिशेबात घ्यावा, म्हणजे नव्वदच्या आतबाहेर. मुरबाडहून कल्याणला जाऊन येणे साधारण साठ किलोमीटर, ते सुखाने जमेल. पण सिद्धगडाच्या पायथ्यापासून कल्याणला जाऊन परत येणे शंभराच्या घरात जाते. लहान बॅटरीला ते ओढायचे तर कल्याणात गाडी भरून घ्यावी लागेल.

उन्हाच्या विजेचेही तसेच. वर्षाला ३,००० किलोमीटरपर्यंत उन्हावर चालेल असे कंपनी म्हणते, म्हणजे दिवसाला सरासरी आठ किलोमीटर. त्यासाठी गाडी उन्हात उभी हवी, मांडवाखाली नव्हे. आणि आपल्याकडे जूनपासून ऊन किती दिसते ते आवणी करणाऱ्याला विचारावे.

खर्चाचा ताळा

आता पाटी-पेन्सिल घ्या. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि लहान पेट्रोल गाडी लिटरला १८ किलोमीटर धरू. विजेच्या गाडीला शंभर किलोमीटरला १२ युनिटे आणि युनिटचा दर १० रुपये धरू. बॅटरी भाड्याची असेल तर महिन्याला ठरावीक किलोमीटरचे भाडे गाडी उभी असली तरी द्यावे लागते. समजा ती अट ६०० किलोमीटरची आहे. म्हणजे महिना १,२०० रुपये कमीत कमी.

मुलगा रोज कामाला गाडी नेतो आणि महिना ५०० किलोमीटर होतात असे समजू. पेट्रोलला सुमारे २,९०० रुपये लागतील. विजेला ६०० अधिक भाड्याचे १,२००, मिळून १,८०० रुपये. महिना हजार-अकराशे वाचले.

आता गाडी फक्त बाजार, लग्नकार्य आणि दवाखाना यांसाठी वापरली आणि महिना २०० किलोमीटरच झाले असे समजा. पेट्रोलला सुमारे १,१५० रुपये. विजेला २४० अधिक १,२००, म्हणजे १,४४०. येथे विजेची गाडी महाग पडली! जो रोज फिरतो त्याला वीज फायद्याची. ज्याची गाडी खळ्यात उभी राहते त्याला भाड्याची बॅटरी परवडत नाही. बॅटरी विकत घेतली तर भाडे नाही, पण तेवढे भांडवल आधी घालावे लागते.

कर्जाचेही पाहा. तीन लाख रुपये पाच वर्षांसाठी दहा टक्क्यांनी घेतले तर हप्ता महिना सुमारे ६,४०० रुपयांचा पडतो. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो आणि भाताचे पैसे दिवाळीनंतर एकदा. म्हणून हा हप्ता मुलाच्या पगारातून निघतो का, तेवढेच पाहावे. भाताच्या पैशावर मोटारीचा हप्ता बांधू नये. त्या पैशावर पुढल्या सालचे बियाणे, खत आणि मजुरी आधीच उभी असते.

घरची वीज

याच मुलखात १९४२ साली भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते, आणि २ जानेवारी १९४३ रोजी ते आणि हिराजी पाटील सिद्धगडावर हुतात्मा झाले. तेव्हा वीज आपल्या डोक्यावरून जात होती. आज ती घरात आली आहे, पण मोटार भरण्याइतकी आली आहे का, हे ज्याने त्याने आपल्या मीटरपाशी जाऊन पाहावे.

लहान मोटार भरायला पंधरा-सोळा अँपिअरची मोठी पिन आणि पाच-सहा तास लागतात. वायरमनला बोलावून तीन गोष्टी विचारा. मीटरचा मंजूर भार किती? मीटरपासून गाडीपर्यंतची वायर तेवढा भार सोसेल का? आणि अर्थिंग खरोखर जमिनीत गेले आहे का? अर्थिंगशिवाय ओल्या अंगणात गाडी भरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

घरच्या मीटरवर गाडी भरायला हरकत नाही. मात्र महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली १०० युनिटे स्वस्त, पुढे ३०० पर्यंत महाग, त्यापुढे आणखी महाग. आज ऐंशी-नव्वद युनिटे जाळणारे घर मोटार आल्यावर वरच्या टप्प्यात जाते, म्हणूनच वर युनिटचा दर दहा रुपये धरला.

आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्याने २०२४ पासून वीज मोफत केली आहे. त्या जोडणीवरून मोटार भरण्याचा मोह धरू नये. वीज कायद्यात तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंडासह वसुली होते.

पावसात वीज किती वेळ जाते ते तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा आषाढात बॅटरी नेहमी अर्ध्यावर तरी भरलेली ठेवण्याची सवय लावावी लागेल. कंदिलात रॉकेल भरून ठेवायचे तसेच हे.

मग करावे काय?

ताई, पहिले आणि महत्त्वाचे. सुनेच्या बाळंतपणासाठी या गाडीवर विसंबू नका. नोंदवलेली गाडी वचन दिलेल्या महिन्यात येतेच असे नाही, आणि बाळ आपल्या वेळेला येते. आशाताईंकडून १०२ आणि १०८ या रुग्णवाहिकांची चौकशी आत्ताच करा. आपल्या वाडीपर्यंत गाडी येते की रस्त्यावर न्यावे लागते ते विचारून ठेवा. जवळच्या गावातल्या जीपवाल्याशी आजच बोलून ठेवा. दिवस जवळ आले की चार-आठ दिवस आधीच सुनेला मुरबाडला नातेवाइकांकडे ठेवता आले तर सर्वांत उत्तम.

मग उरतो मुलाचा प्रश्न. त्याची हौस मोडू नका, पण त्याच्याकडून चार उत्तरे लेखी मागा. नोंदणीचे पैसे परत मिळतात का, आणि किती दिवसांत? आज सांगितलेली किंमत गाडी येईपर्यंत तीच राहील का? बॅटरीच्या भाड्याची किमान अट काय आणि बॅटरी खराब झाली तर भुर्दंड कोणाचा? गाडी बिघडली तर दुरुस्ती कल्याणला होईल की पुण्याला न्यावी लागेल? ही उत्तरे कंपनीच्या कागदावर मिळाली, मुलगा रोज पन्नास-साठ किलोमीटरच्या आत जातो-येतो आणि ते पाच हजार दोन वर्षे हाती आले नाहीत तरी घर अडत नाही, असे असेल तर खुशाल नंबर लावा. यांपैकी एकाही गोष्टीला ‘बघू’ असे उत्तर असेल तर थांबा. गाडी कल्याणच्या दुकानात उभी राहील तेव्हा घरची सगळी माणसे जा, बसून पाहा, चालवून पाहा.

भरायचे तर पैसे कंपनीच्या खऱ्या ठिकाणीच भरा आणि पावती जपून ठेवा. फोनवर आलेल्या परक्या दुव्यावर पैसे पाठवू नयेत. फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. कंपनी पैसे अडवून बसली तर ग्राहकांसाठी १९१५ हा क्रमांक आहे. शिवाय आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे फी पडत नाही.

वीजगाडी आपल्या भागात येणार यात शंका नाही, आणि रोज कामावर जाणाऱ्याला ती उपयोगाचीही आहे. पण या भगिनींच्या घरातली निकड आषाढातली आहे, आणि आषाढाला लागणारी गाडी जीपवाल्याकडे उभी आहे. आज संध्याकाळीच कोणाला तरी धाडून त्याच्याशी बोलणे पक्के करा. नंबराचे नंतर पाहू.