टायगर निमोण्यात उतरला तर?

परवा निमोण्याला गेलो होतो. पारावर मित्रांमध्ये जुनाच वाद पेटला: यशराजच्या हेरपटांचं पुढे काय? एकजण म्हणाला, "'पठाण'मध्ये (२०२३) टायगर आला तेव्हा काय शिट्ट्या पडल्या! अजून काय पाहिजे?" मान्य. मीही वाजवल्यात. पण मला विचाराल तर मालिकेची खरी ताकद 'एक था टायगर'मध्ये (२०१२) होती. रॉचा माणूस आयएसआयच्या पोरीच्या प्रेमात पडतो आणि दोघं आपापल्या खात्यांपासून पळतात. गमावण्यासारखं काहीतरी होतं तिथे. 'वॉर २'पर्यंत (२०२५) नुसते स्फोट वाढले, धाकधूक गेली.

बॉण्डचंही तेच झालं होतं. २००२ मध्ये मजल अदृश्य गाडीपर्यंत गेली. मग 'कसिनो रोयाल'ने (२००६) त्याला पत्त्यांच्या टेबलावर बसवून चक्क घाम फोडला!

माझी कसोटी साधी आहे. निमोण्यात एसटीतून नवखा माणूस उतरला की त्याचा चहा येईपर्यंत गावभर खबर जाते. इथेही जो कुणाच्या नजरेत भरणार नाही, तो खरा हेर. बहिर्जी नाईकांना हे सहज जमलं असतं. टायगरला? त्याच्याभोवती सेल्फीसाठी रांग लागेल. पुढच्या सिनेमात असा एक तरी साधा दिसणारा माणूस आणा राव!