दोन जीबीवालाच भारी!

परवा अंबाजोगाईत एका कॉलेजच्या कट्ट्यावर पोरापोरींशी गप्पा चालल्या होत्या. विषय फिरत फिरत इअरबड्सवर आला. कुणाचे किती तास टिकतात, कुणाचा बास कसा छातीत घुमतो, कुणाचा डावा बड एसटीत पडून हरवला. मी मध्येच विचारलं, ‘तुमचा आजवरचा सगळ्यात आवडता म्युझिक प्लेअर कोणता?’ सगळे गप्प. मग एक जण म्हणाला, ‘सर, प्लेअर म्हणजे ॲप का?’

हसू नका त्याला. ज्याच्या हातात पहिला फोनच टचस्क्रीनवाला आला, त्यानं दुसरं काय विचारायचं? पण त्याच्यामुळं मला माझं उत्तर पक्कं करावं लागलं. वॉकमन नाही, आयपॉड नाही, तुमच्या खिशातला स्मार्टफोन तर नाहीच नाही. माझ्या लेखी आजवरचा सगळ्यात भारी प्लेअर म्हणजे बटणांचा नोकिया २७०० क्लासिक आणि त्यात दोन जीबीचं मेमरी कार्ड. वाद घाला खुशाल. पण आधी ऐकून तर घ्या.

आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. जमीन कोरडवाहू. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकाकडं. बीडच्या पोरांना हे काय सांगायचं म्हणा. तुमच्यातल्या कित्येकांचे आईवडील फडावर जातात किंवा जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. ट्रकमध्ये ज्वारीची पोती चढायची, भांडी चढायची, शेळ्या-कोंबड्या चढायच्या. आणि गाणी चढायची. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, दिवसभर तोडणी, रात्री ट्रक आला की मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं. अशा ठिकाणी गाणं म्हणजे टाइमपास नसतो. हात चालू राहायला ते लागतं.

आजोबांच्या वेळी ते काम ट्रान्झिस्टरनं केलं. चामड्याचं कव्हर, खांद्यावर पट्टा, सेल संपत आले की उन्हात ठेवायचे म्हणजे अजून दोन दिवस चालतात. एके काळी रेडिओसाठी पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं, हे तुम्हाला सांगितलं तर खोटं वाटेल. ट्रान्झिस्टरचं एकच दुखणं. तो त्याला वाटेल ते ऐकवणार. तुम्हाला पोवाडा हवा असेल आणि तिकडं बाजारभाव चालू असतील, तर बाजारभाव ऐकायचे.

वॉकमन आमच्या गावात कुणाकडंच नव्हता. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याकडं पाहिला. तो कानाला लावून फिरायचा तर बायका म्हणायच्या, ‘पोरगं चांगलं हाय, पर ऐकू कमी येतंय वाटतं.’ पण वॉकमनची एक गोष्ट मला फार आवडते. पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. त्याला हेडफोनसाठी दोन भोकं होती! शिवाय वर एक केशरी बटण. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जायचा आणि आतल्या माईकमुळं ऐकणाऱ्या दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. सोनीचे अकिओ मोरिता यांना वाटत होतं की, एकट्यानंच कान बंद करून बसणं काही बरं दिसत नाही. पुढं कंपनीच्या ध्यानात आलं की लोकांना एकट्यानंच ऐकायचंय. मग ते बटण गेलं, हळूहळू दुसरं भोकही गेलं. तुमच्या कानातल्या बड्सची गोष्ट तिथंच सुरू झाली, असं माझं मत.

आयपॉडबद्दल थोडक्यात सांगतो, कारण माझा त्याच्याशी संबंधच थोडका. ऑक्टोबर २००१ मध्ये तो आला, पाच जीबीचा, हजार गाणी खिशात असं सांगत. मी तो पाहिला २०१४ मध्ये, पुण्यात होस्टेलवर. सुंदर वस्तू, नाकारत नाही. पण गाणं भरायचं तर कॉम्प्युटर पाहिजे, त्यात कंपनीचं सॉफ्टवेअर पाहिजे, आणि त्याला स्पीकरच नाही. कोपीत काय उपयोग त्याचा? मे २०२२ मध्ये ॲपलनं तो बंद केला. आमच्याकडं कुणाला पत्ताही नव्हता.

आता येतो माझ्या हिरोकडं. २०१० मध्ये अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उचलीच्या पैशातून नोकिया २७०० घेतला. घरात भांडण झालं. माय म्हणाली, ‘पत्र्याला भोकं पडलीत आन् तुम्हाला फोन सुचतूय.’ पण दसऱ्याच्या चार दिवस आधी अण्णा धारूरच्या स्टँडजवळच्या मोबाईल दुकानात कार्ड भरायला निघाले, तेव्हा यादी सगळ्यात लांब तिचीच होती.

कार्ड भरणं हा प्रकार तुमच्यापैकी ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दुकानदाराकडं एक कॉम्प्युटर, त्यात फोल्डर: भक्तिगीत, भीमगीत, लोकगीत, जुनं हिंदी, नवं हिंदी, दर्दभरे, डीजे. आपण नुसतं बोट दाखवायचं. एक गाणं चार-पाच एमबीचं, म्हणजे दोन जीबीत चारशेच्या आसपास. मग सुरू व्हायची घासाघीस, आणि ती पैशांची नसायची, जागेची असायची. प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची गाणी पाहिजेतच. शेजारच्या कोपीतल्या काकांसाठी भीमगीतांचं एक फोल्डर पाहिजेच, कारण त्यांच्याकडं फोन नव्हता आणि जयंतीच्या आधी गावाकडं परत यायची खात्री नव्हती. इंदुरीकर महाराजांचं कीर्तन घ्यायचं तर दहा-बारा गाणी काढावी लागायची. चुलत्याला डीजे हवं असायचं. माय म्हणायची, डीजे काढा, हरिपाठ टाका. चारशे गाण्यांत सहा घरांच्या आवडी बसवायच्या म्हणजे जवळजवळ ग्रामपंचायतीची मीटिंग. तुमच्या प्लेलिस्टसाठी तुम्ही कधी कुणाशी भांडलात का?

(हे सगळं चोरीचं होतं, हेही सांगून टाकतो. ज्यांनी ती गाणी गायली त्या शाहिरांना, गायकांना आमच्या वीस-तीस रुपयांतला एक पैसा गेला नाही. सगळे पैसे दुकानदाराचे, वर प्रत्येक गाण्याच्या नावात त्याच्या दुकानाची जाहिरात. तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं, आणि या फोनची बाजू मांडताना ते लपवणं बरं नाही.)

दोन हंगाम मीही फडावर होतो, शाळा बुडवून. संध्याकाळी तो फोन स्टीलच्या तांब्यात उभा ठेवायचे, म्हणजे आवाज मोठा यायचा. कोपीत लाइट नव्हती. चार्जिंग कारखान्याच्या गेटजवळच्या हॉटेलात. पण एकदा भरला की दिवस-दोन दिवस बघायला नको. रेडिओ ऐकायचा तर इअरफोनची पिन खोचावी लागायची, कारण ती वायर हाच त्याचा एरियल. वायर लोंबत ठेवून आवाज मात्र स्पीकरवर. आवाज चिरका होता, मान्य. बास तर नावालाही नव्हता. तरी सात-आठ माणसं त्याच्याभोवती बसायची, आणि एखादं गाणं लागलं की कुणीतरी म्हणायचं, ‘ह्ये गाणं फलाण्याच्या लग्नात वाजलं व्हतं बघ.’

तुमच्या फोनमध्ये आज कोट्यवधी गाणी आहेत, खरंय. पण त्यातलं तुमचं किती? रिचार्ज संपला की गाणं थांबलं. डाउनलोड केलंय म्हणता, तेही ॲपच्या कुलपात. वर्गणी थांबली की कुलूप लागलं. कधी सकाळी उठून बघावं तर आवडतं गाणं यादीत करडं होऊन पडलेलं असतं, कारण कुठल्या तरी दोन कंपन्यांचा करार संपलेला. आपण गाण्यांचे मालक होतो, ते भाडेकरू झालो. आणि रेंज नसेल तर तेही नाही. डोंगरात राहणाऱ्यांना रेंजचं मोल वेगळं सांगायला नको.

पण मी दोन जीबीच्या बाजूनं इतका तावातावानं बोलतोय ते केवळ एवढ्यासाठी नाही. त्या फोनमध्ये गाणी भरता यायची, तशी करताही यायची. रेकॉर्डर होता त्यात.

२०१० च्याच त्या दसऱ्याला, निघायच्या आदल्या दिवशी, अण्णांच्या डोक्यात आलं की आजीच्या ओव्या भरून घ्याव्यात. आजी थकली होती, गावातच राहणार होती. ती म्हणाली, ‘जात्याबिगर वव्या येत्यात व्हय रं?’ पिठाची गिरणी गावात येऊन कितीतरी वर्षं झाली होती, जातं गोठ्यामागं पडलेलं. अण्णांनी आणि चुलत्यानं ते उचलून आणलं, धुतलं, आजीनं मूठभर ज्वारी टाकली आणि बसली. माय समोरून खुंट्याला हात लावून. तीस-चाळीस मिनिटं ती गात होती. माहेरावरच्या, भावावरच्या, वैजनाथावरच्या, आणि एक अण्णांच्या नावाची, तिथल्या तिथं जुळवलेली. रेकॉर्डिंगमध्ये मागं जात्याची घरघर होती आणि मध्येच एकदा कोंबडा.

त्या हंगामात माय रोज रात्री झोपताना त्या ओव्या लावायची. सासू-सुनेचं गावात फारसं पटायचं नाही, हे विशेष. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली.

२०१२ ची उन्हाळ्याची सुट्टी. माझी दहावी झालेली, चुलतभावाचं लग्न, वरातीला नवी डीजेची गाणी पाहिजेत. कार्ड घेऊन दुकानात गेलो. जागा नव्हती. दुकानदारानं विचारलं, ‘फॉरमॅट मारू का?’ मी म्हणालो, ‘मारा.’

एवढंच. तीन सेकंदांचं काम.

वरात जोरात झाली. नोव्हेंबरात फडावरून मायचा फोन आला, ‘आत्याबाईच्या वव्या सापडत न्हाईत रं ह्यात.’ मी म्हणालो, ‘कार्ड खराब झालं असंल.’

पुढं मी शिकायला पुण्यात आलो आणि ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संग्रहाशी गाठ पडली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आज तिथं वाचायला मिळतात, बऱ्याचशा ऐकायलाही. १९९६ मध्ये ही मंडळी आपल्या माजलगावात आली होती. तिथल्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यांनी टेपवर घेतल्या. १९९६ म्हणजे माझ्या जन्माचं वर्ष, आणि माजलगाव म्हणजे आमच्या शेजारचा तालुका. मी त्या मायला फोनवर लावून दाखवल्या. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. म्हणाली, ‘गळा चांगला हाय बायांचा.’ मग थोड्या वेळानं, ‘आपल्या न्हाईत ह्या.’

तुमच्या घरात कुठंतरी, शोकेसच्या खणात, पिठाच्या डब्यामागं, असा एखादा बटणांचा फोन पडला असेल. तो भंगारवाल्याला देण्याआधी त्यात काय आहे ते बघा. बॅटरी फुगली असेल तर फेकून द्या. बीएल-५सी बॅटरी अजून बाजारात मिळते, कारण जत्रेत विकतात त्या छोट्या एफएम स्पीकरांनाही तीच लागते. कार्ड काढून ॲडॅप्टरमध्ये घाला, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये उघडा. रेकॉर्डिंग बहुतेक एएमआर फाइल असते, ती व्हीएलसीवर चालते. आणि कृपा करून, कॉम्प्युटरनं फॉरमॅट करू का विचारलं तर ‘नको’ म्हणा.

मी हे गेल्या दिवाळीत केलं. कार्डात माझं डीजेच होतं, दुसरं काही नाही. पण फोनच्या स्वतःच्या मेमरीत एक फाइल निघाली. अकरा सेकंदांची. अण्णांनी त्या दिवशी सुरुवातीला चुकून कार्डाऐवजी फोनमध्ये रेकॉर्ड केलेली असणार. त्यात ओवी नाही. आधी नुसती खरखर, मग आजीचा आवाज, ‘झालं का रं चालू? कुठं बोलू, हितं?’ मग अण्णांचं हसणं आणि बटण दाबल्याचा आवाज.

मायला ऐकवलं आणि त्याच वेळी फॉरमॅटचंही सांगून टाकलं, बारा वर्षांनी. ती म्हणाली, ‘मला तवाच कळलं व्हतं. कार्ड खराब असतं तर तुझी ती धिंगाण्याची गाणी कशी वाजली असती?’ आणि म्हणाली, आणिक एकदा लाव.

फाइलचा आकार १८ केबी आहे. तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलीय.