नखाएवढं दुखणं



'नखाएवढं' म्हणजे अगदी क्षुल्लक, असं आपण सहज बोलून जातो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र हा शब्द जपून वापरावा. त्याचं नख बोटाच्या शेवटच्या हाडावरच टोपीसारखं बसलेलं असतं. कवचाच्या आत रक्तवाहिनी आणि नस असलेला जिवंत भाग असतो. कवच निघालं की तो लालभडक भाग उघडा पडतो आणि प्रत्येक पावलाला जमिनीवर घासतो. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी एकूण १८ नखं. त्यातली सात-आठ एकाच वेळी अशी निघाली तर काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आमच्या शेरूचं हेच झालं. शेरू जर्मन शेफर्ड, वय चार वर्षं. गेल्या वर्षी पोळ्याच्या आसपास त्याच्या पुढच्या डाव्या पायाचं एक नख उभं चिरलं आणि दोन दिवसांत निघून आलं. एक नख तुटलं की कोणालाही अपघातच वाटतो. फाटकात अडकलं असेल, शेतात पऱ्हाटीचं धसकट लागलं असेल. डॉक्टरांनी जखम साफ केली, गोळ्या दिल्या, पू थांबला. पंधरा दिवसांनी उजव्या पायाचं नख गेलं, मग मागच्या पायाची दोन. महिनाभरात चारही पायांची मिळून सात नखं गेली आणि उरलेली मुळाशी हलायला लागली. खाणं व्यवस्थित, ताप नाही, अंगावरची कातडी चांगली. फक्त दिवसभर पाय चाटत बसायचा आणि उठायचं म्हटलं की कण्हायचा.

आमचे मामंजी बैलांत वाढलेले. त्यांनी पाय बघितले आणि सांगितलं, "ही लाळ-खुरकत आहे, सूनबाई. गोठ्याकडं येऊ देऊ नको त्याला." शेजारच्या तेलुगू काकांनीही मान डोलावली, "गालिकुंटूच हे." आदिलाबादेत आजाराचं नाव दोन भाषांत मिळतं, पण या वेळी दोन्हींतलं चुकीचं होतं. लाळ-खुरकत दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना होते. गाय, बैल, म्हैस, शेळी, डुक्कर यांना. कुत्र्याची नखं त्या रोगानं गळत नाहीत. आणि शेरूला जे होतं ते बैलांना काय, दुसऱ्या कुत्र्यालाही लागत नाही.

त्या दिवसांत घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. एकानं शेतावर सोडून या म्हटलं. दुसऱ्यानं हळूच इंजेक्शनचा विषय काढला, "मुकं जनावर आहे, कशाला तडफडू द्यायचं?" नववीतला माझा मुलगा दाराआड उभा राहून हे ऐकत होता. त्याच संध्याकाळी तो शेरूचा पाय पुसायला गेला आणि शेरू त्याच्यावर गुरगुरला. चार वर्षांत पहिल्यांदा. मुलगा रडला तो गुरगुरण्याच्या भीतीनं नव्हे. आता मोठ्यांना कारण मिळालं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. दुखऱ्या पायाला हात लावल्यावर गुरगुरणारं कुत्रं माझ्या मते बिघडलेलं नसतं, ते फक्त दुखतंय म्हणून सांगत असतं.

आम्ही नागपूरला गेलो. आपल्याकडून पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, हिंगणघाट करत राष्ट्रीय महामार्ग ४४ नं साधारण २०० किलोमीटर. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, शिवाय शहरात खासगी डॉक्टरही बरेच आहेत. ज्यांना हैदराबाद सोयीचं, त्यांच्यासाठी राजेंद्रनगरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या, कोणतं नख कोणत्या तारखेला गेलं याची नोंद आणि गळलेली एक-दोन नखं स्वच्छ डबीत घालून न्या. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

आजाराचं नाव लांबलचक आहे: सिमेट्रिकल लुपॉइड ऑनिकोडिस्ट्रॉफी. डॉक्टर मंडळी थोडक्यात एसएलओ म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंऐवजी स्वतःच्याच नखांच्या मुळांवर हल्ला करते, त्यामुळं नख आणि हाड यांची पकड सुटते. 'लुपॉइड' ऐकून घाबरू नका. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाचा भाग ल्युपससारखा दिसतो एवढाच त्याचा अर्थ. माणसांतला ल्युपस रोग तो हा नव्हे. बहुधा तीन ते आठ वर्षांच्या, एरवी धडधाकट कुत्र्यांना होतो. जर्मन शेफर्डमध्ये जास्त दिसतो, आणि आपल्याकडं तर ज्याला त्याला हाच 'पोलीस कुत्रा' हवा असतो.

निदान मुख्यतः बघूनच होतं. चारही पायांची बरीच नखं आणि बाकी अंग निरोगी, म्हणजे संशय इकडंच जातो. एकाच पायाचं एकच नख पुन्हा पुन्हा दुखत असेल तर मात्र मार, बुरशी, जंतू आणि गाठ या शक्यता आधी तपासायला लागतात. गाठीसाठी एक्स-रे काढतात. पक्की खात्री करायची तर बोटाचं शेवटचं पेर कापून तपासायला पाठवायचं, असं पूर्वी सांगत. आता बहुतेक डॉक्टर त्यावाचूनच उपचार सुरू करतात. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

पहिलं काम म्हणजे हलणारी नखं काढणं. ती भूल देऊनच काढतात. घरी चिमट्यानं ओढायच्या फंदात कोणी पडू नका. मग जंतुसंसर्ग असेल तेवढे दिवस अँटिबायोटिक आणि दुखणं कमी करायचं औषध. खरा उपचार त्यापुढं सुरू होतो आणि तो महिनोन्‌महिने चालतो. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ मोठ्या मात्रेत, आणि डॉक्सिसायक्लिनबरोबर नायसिनामाइड. डॉक्सिसायक्लिन गोचीड तापातही देतात, त्यामुळं आपल्या औषध दुकानदारांच्या ओळखीचं आहे. इथं मात्र ते जंतू मारण्यासाठी नसून खवळलेली प्रतिकारशक्ती शांत करण्यासाठी असतं. नायसिनामाइड मागितल्यावर नायसिन हातात पडलं तर परत करा, दोन्ही एक नव्हेत. काहींना रक्तपुरवठा सुधारणारं पेंटॉक्सिफायलिन देतात. एवढ्यानं भागलं नाही तर स्टेरॉइड. स्टेरॉइडवर कुत्रं सारखं पाणी पितं, सारखं बाहेर जायला मागतं आणि कायम भुकेलं असतं. तुम्ही कंटाळलात तरी ते एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं उतरवत न्यायचं.

माशाचं तेल म्हटल्यावर आमच्या जाऊबाईंनी विचारलं, "मग जवस का नको? आपल्या घरचंच आहे." प्रश्न रास्त होता. जवसातही ओमेगा-३ असतं, पण ते वेगळ्या प्रकारचं. कुत्र्याच्या शरीरात त्याचं हव्या त्या रूपात रूपांतर फारच थोडं होतं. जवसाची चटणी तर नकोच, तिच्यातला लसूण कुत्र्याला बाधतो. आणि कॉड लिव्हर ऑइल म्हणजे हे तेल नव्हे. एवढ्या मात्रेत ते दिलं तर अ आणि ड जीवनसत्त्वांचा अतिरेक होतो.

दुखतंय म्हणून घरातली वेदनाशामक गोळी देण्याचा मोह सगळ्यांना होतो. मंडळी, नका देऊ. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल त्याच्या यकृताला झेपत नाही. डायक्लोफेनॅक तर गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी २००६ पासून आपल्या देशात बंदच आहे. कुत्र्यासाठीची औषधं वेगळी असतात आणि ती वजनावर ठरतात. स्टेरॉइड चालू असताना तीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाहीत.

घरची सेवा सोपी आहे, पण चिकाटी लागते. आपली काळी माती पावसात कशी चिकटते ते सांगायला नको. बोटांच्या बेचक्यात तिचे गोळे होतात, वाळून दगड होतात. बाहेरून आला की चारही पाय कोमट पाण्यात बुडवायचे, चोळायचे नाहीत. माती सुटली की डॉक्टरांनी दिलेल्या पातळ क्लोरहेक्सिडीननं धुवायचे आणि बेचक्या अगदी कोरड्या करायच्या. ओल राहिली की जंतू आलेच. फिरायला नेताना लहान मुलांचे सुती मोजे घालायचे, घरात आल्यावर काढायचे. घट्ट पट्टी बांधून ठेवू नये. चाटणं थांबेना तर गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर. शेरू तिच्यात लाउडस्पीकरच्या कर्ण्यासारखा दिसायचा आणि दाराच्या चौकटीला धडकायचा. झोपायला जुनी गोधडी दुहेरी घालून दिली. आपल्याकडची थंडी ठाऊक आहेच, गार फरशीवर त्याला उठताना फार जड जायचं. धसकटांच्या शेतात तो हिवाळाभर गेलाच नाही.

गोळी कशातून द्यायची हा रोजचा प्रश्न. आमच्याकडं सगळं दह्यातून द्यायची सवय, पण दूध-दह्यातल्या कॅल्शियमनं डॉक्सिसायक्लिनचं शोषण कमी होतं. म्हणून भाकरीचा कुस्करा आणि अंडं. हे काम मामंजींनी आपणहून घेतलं. "कुत्रं अंगणातच बरं" म्हणणारे आमचे मामंजी सकाळी सातला "ये रे शेरोबा" म्हणत ओसरीवर बसायला लागले.

पहिले दोन महिने काहीच फरक दिसत नाही. सोडून देण्याचा विचार याच काळात येतो, आणि औषधंही बहुतेक घरांत याच काळात थांबतात. नख मुळापासून वाढायचं असतं, त्याला घाई करून चालत नाही. दोन ते चार महिन्यांत नवी नखं गळायची थांबली तर औषध लागू पडलं असं समजायचं. शेरूचं शेवटचं नख दिवाळीनंतर गेलं. संक्रांतीला मुलानं पाय पुसले तेव्हा त्यानं फक्त हात चाटला.

हा आजार मुळापासून जातो असं मी सांगणार नाही. नवी नखं वेडीवाकडी, ठिसूळ येतात. दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी कापून किंवा घासून आखूड ठेवावी लागतात, नाहीतर पुन्हा चिरतात. रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लॉर दाबून धरा. काही कुत्र्यांचं औषध बंद करता येतं, काहींचं जन्मभर चालतं. शेरूचं माशाचं तेल चालूच आहे, डॉक्सिसायक्लिन उन्हाळ्यात हळूहळू बंद केलं. कशानंच गुण येत नाही अशा थोड्या कुत्र्यांची सगळी नखं शस्त्रक्रियेनं काढतात, आणि तीही पुढं नीट चालतात. इंजेक्शनचा सल्ला देणाऱ्यांना ही शेवटची वाट माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिते.

काही जातींत हा आजार घराण्यात उतरतो, म्हणून अशा कुत्र्याची पिल्लं घेऊ नयेत. शेरूसाठी उटनूरहून एक स्थळ आलं होतं, ते आम्ही नाकारलं. मामंजी थोडे हिरमुसले.

पुढच्या महिन्यात गोचिडांबद्दल. पावसाळा तोंडावर आहे, तोवर कुत्र्याच्या कानामागं आणि बोटांच्या बेचक्यांत एकदा बघून ठेवा.