आडनावाची झाली शर्ली
'शर्ली' हे मूळचे इंग्लंडमधल्या गावांचे नाव. त्यावरून आडनाव झाले, क्वचित मुलग्यांचे नावही. शार्लट ब्राँटेने १८४९ च्या 'शर्ली' कादंबरीत ते नायिकेला दिले, तेही कारणासकट: आईवडिलांना मुलगा हवा होता, झाली मुलगी, मग मुलासाठी योजलेले घराण्याचे नाव तिच्याच वाट्याला आले. (हौस कशीही भागवतात माणसे!) या नावाच्या लोकप्रियतेचे सगळे श्रेय बालतारका शर्ली टेम्पलला देण्याची रीत आहे. १९३५ साली अमेरिकेत मुलींच्या नावांत ते दुसऱ्या क्रमांकावर पोचले, हे खरेच. पण तिचा जन्म १९२८ चा. बारशाला तिच्यासाठी हेच नाव सुचले, कारण तोवर ते घरोघरी रुळू लागले होते. सिनेमाने त्याला शिखरावर नेले. मुलींच्या पाळण्याकडे वळवले ते कादंबरीने.